पानमर्यादेत न मावलेली कादंबरी: कावाहारा रेकी यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

जपानमधल्या देंगेकी कादंबरी पुरस्काराची आजची अट अशी आहे: एका पानावर ४२ अक्षरांच्या ३४ ओळी आणि मोठ्या कथेसाठी अशी कमीत कमी ८०, जास्तीत जास्त १३० पानं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. देंगेकी बुन्को या पुस्तकमालेच्या छापील पानावर ४२ अक्षरांच्या १७ उभ्या ओळी बसतात, म्हणजे स्पर्धेचं एक पान ही उघड्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं. १३० पानं म्हणजे २६० छापील पानं, रिकाम्या जागा धरून १,८५,६४० चौकटी. पोस्टकार्डाएवढ्या, १०५ बाय १४८ मिलिमीटरच्या पुस्तकात एवढंच बसतं. स्पर्धेला आलेल्या हस्तलिखितातून थेट पुस्तक काढायचं असतं, म्हणून माप आधीच घेऊन ठेवलेलं.

या मापात एक कादंबरी मावली नाही. त्यातून पुढे काय काय घडलं, त्याचा हा अभ्यास.

लेखक कावाहारा रेकी, जन्म १९७४चा, गुन्मा प्रांतातला. २००१-०२च्या सुमारास त्यांनी ‘स्वोर्ड आर्ट ऑनलाइन’ ही कादंबरी याच पुरस्कारासाठी लिहायला घेतली. तेव्हा पुरस्काराचं नाव देंगेकी गेम कादंबरी पुरस्कार होतं, ‘गेम’ हा शब्द पुढे गळला. कथा लिहून झाली तेव्हा ती पानमर्यादेच्या बरीच बाहेर गेली होती. कापून बसवणं जमेना, म्हणून त्यांनी ती पाठवलीच नाही. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय.

कापता का आली नाही, हे कथेच्या बांधणीकडे पाहिलं की कळतं. ६ नोव्हेंबर २०२२ला एक ऑनलाइन गेम सुरू होतो. डोक्यावर शिरस्त्राण चढवून दहा हजार खेळाडू त्यात शिरतात आणि बाहेर पडायचं बटणच गायब असल्याचं त्यांच्या लक्षात येतं. हवेत तरंगणारा आइनक्राड नावाचा शंभर मजली किल्ला वरपर्यंत सर केल्याशिवाय सुटका नाही, आणि गेममध्ये मेलात तर शिरस्त्राण खरोखरच जीव घेणार. इथून पुढे कावाहारा एकदम दोन वर्षं उडी मारतात. पुढचा प्रसंग थेट चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर उघडतो आणि कथा पंचाहत्तराव्यावर संपते. म्हणजे सर्वांत मोठी कात्री लेखकाने लिहितानाच लावली होती: त्र्याहत्तर मजले आणि दोन वर्षं. उरलं त्यात सुरुवातीचे नियम, नायक किरितो आणि नायिका आसुना यांची जवळीक, आणि खेळाच्या निर्मात्याचा बुरखा फाडणारा शेवट. नियम काढले तर शेवट कळत नाही, जवळीक काढली तर शेवटाला वजन राहत नाही. तीन पायांच्या तिवईचा कुठला पाय कमी करणार?

नवख्या लेखकांना सहसा सांगतात की मर्यादेबाहेर गेलात तर उपकथानकं छाटा. इथे छाटायला उपकथानकच नव्हतं, आणि तेच या प्रकरणाचं मूळ आहे. कथेचा विषयच मुळात शंभर मजल्यांचा, आणि त्याला पुस्तक एक.

संकेतस्थळावरची सहा वर्षं

२००२मध्ये कुनोरी फुमिओ या टोपणनावाने त्यांनी ही कथा स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली. आज जपानी वेब कादंबरी म्हटलं की जे ‘शोसेत्सुका नि नारो’ हे संकेतस्थळ डोळ्यांपुढे येतं, ते २००४मध्ये सुरू झालं. त्याआधी अशा लेखकांपुढे पर्याय थोडे: स्वतःचं घरगुती पान बांधायचं, किंवा कुठल्या तरी चर्चापटावर तुकड्या-तुकड्यांनी टाकत राहायचं. क्रमवारी नाही, वाचकांचे गुण नाहीत, प्रकाशकाच्या माणसाची नजर पडायचीही शक्यता कमी.

पण पानमर्यादाही नाही. याचा परिणाम दुहेरी झाला. कथा वाढत गेली: आइनक्राडनंतर फेअरी डान्स, फॅन्टम बुलेट आणि अलिसायझेशन ही तीन मोठी पर्वं, शिवाय अधल्यामधल्या लघुकथा. जो लेखक एका पुस्तकात मावत नव्हता, तो २००८पर्यंत डझनावारी पुस्तकांचा मजकूर घेऊन बसला होता, एक येनही न मिळवता. दुसरा परिणाम लेखणीच्या वळणावर झाला. हप्त्यांनी लिहिणाऱ्याला प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवायची सवय लागते, आणि एखादा प्रसंग रंगतोय असं दिसलं की तो लांबवायचीही. अलिसायझेशन पर्व पुढे छापायला घेतलं तेव्हा त्याची दहा पुस्तकं झाली, त्यात ही सवय स्पष्ट दिसते. गुण म्हणून दिसते तशी दोष म्हणूनही.

मापाला बेतलेली दुसरी कादंबरी

२००८मध्ये त्यांनी पुन्हा स्पर्धेत भाग घेतला, पण जुनी कथा कापून नव्हे. नवी कथा लिहिली. नाव होतं ‘चोझेत्सु कासोकु बर्स्ट लिंकर’. ‘चोझेत्सु कासोकु’ म्हणजे ढोबळमानाने ‘अचाट प्रवेग’.

ही कथा ‘स्वोर्ड आर्ट’शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे, कारण तीत लांबीचा प्रश्न मुळातच सोडवलेला आहे. काळ २०४६. नायक हारुयुकी हा शाळेत छळ सोसणारा, गोलमटोल, घाबरट मुलगा. वरच्या वर्गातली एक मुलगी त्याला एक गुप्त प्रोग्रॅम देते. त्याने विचारांचा वेग हजारपट होतो. या प्रोग्रॅममधलं एक द्वंद्व तीस मिनिटांचं, म्हणजे १,८०० सेकंदांचं असतं. बाहेरच्या जगात तेवढ्यात फक्त १.८ सेकंद जातात.

हा आकडा नुसता शोभेचा नाही. ‘स्वोर्ड आर्ट’मध्ये खेळातलं जग खऱ्या जगाएवढाच वेळ खातं, त्यामुळे दोन वर्षांचं काय करायचं हा पेच पडतो. इथे लढाई कितीही लांबली तरी शाळेची मधली सुट्टी संपत नाही. जागा मोजक्या: शाळा, रस्ता, रुग्णालय. माणसं मोजकी. आणि मोठा पल्ला, म्हणजे खेळातली शेवटची पातळी आणि त्या खेळाचा कर्ता कोण हे कोडं, पहिल्या पुस्तकात नुसता दाखवून सोडून द्यायचा. स्पर्धेच्या परीक्षकाला एक पूर्ण कथा मिळते आणि प्रकाशकाला मालिकेचा वायदा. लाइट नॉव्हेलच्या, म्हणजे तरुण वाचकांसाठीच्या सचित्र कादंबऱ्यांच्या, पुरस्कारांत टिकणाऱ्या हस्तलिखितांना बहुधा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. शेवट अर्धवट सोडला की परीक्षक बाद करतात. सगळंच मिटवून टाकलं की दुसऱ्या भागाला काही उरत नाही.

या कथेला पंधराव्या देंगेकी कादंबरी पुरस्कारात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मीडियावर्क्स आणि अस्की या दोन कंपन्या एकत्र येऊन अस्की मीडिया वर्क्स झाली होती. पुरस्कार आणि देंगेकी बुन्को ही पुस्तकमाला दोन्ही तिच्याकडे. पुस्तक निघेपर्यंत दोन नावं बदलली: कादंबरीचं झालं ‘ॲक्सेल वर्ल्ड’, आणि कुनोरी फुमिओचे झाले कावाहारा रेकी. शीर्षक बदलणं तिकडे नेहमीचंच. स्पर्धेतलं शीर्षक परीक्षकाचं लक्ष वेधायला असतं. दुकानातलं शीर्षक पुस्तकाच्या कण्यावर दुरून वाचता आलं पाहिजे आणि दहाव्या भागावरही शोभलं पाहिजे.

संपादकाने मागितलेलं दुसरं काम

कावाहारांकडे संपादक म्हणून मिकी काझुमा आले. जपानी लाइट नॉव्हेलमध्ये ‘तान्तो’, म्हणजे लेखकाला नेमून दिलेला संपादक, हा शुद्धलेखन तपासणारा माणूस नसतो. कथेचा आराखडा, चित्रकाराची निवड, कुठल्या प्रसंगाला चित्र द्यायचं, पुस्तक कुठल्या महिन्यात काढायचं, ॲनिमेची (जपानी ॲनिमेशन मालिकेची) बोलणी हे सगळं त्याच्या हातून जातं. मिकींना कळलं की या नव्या लेखकाची एक मोठी कादंबरी आधीच जालावर आहे. त्यांनी ती पूर्ण वाचून काढली आणि तीही छापू असं सुचवलं.

इथे निर्णय घ्यायचा होता. पुरस्कारविजेत्याने पहिल्या वर्षी एकच मालिका नीट रुजवावी, हा सरळ मार्ग. इथे पदार्पणापासूनच दोन मालिका एकाआड एक काढायचं ठरलं. वेळापत्रक पाहा. ‘ॲक्सेल वर्ल्ड’चा पहिला भाग फेब्रुवारी २००९, ‘स्वोर्ड आर्ट’चा पहिला एप्रिल २००९, मग जूनमध्ये ‘ॲक्सेल’चा दुसरा, ऑगस्टमध्ये ‘स्वोर्ड आर्ट’चा दुसरा. असं दर दोन महिन्यांनी एक पुस्तक, एकही फेरी न चुकता, ऑगस्ट २०११पर्यंत. तीस महिन्यांच्या पल्ल्यात सोळा पुस्तकं, आठ या मालिकेची, आठ त्या.

बाहेरून हे अचाट वाटतं. आतला हिशोब साधा आहे: सोळांतली आठ पुस्तकं बरीचशी लिहून तयार होती. प्रत्येक ‘स्वोर्ड आर्ट’ हा पुनर्लेखनाचा भाग, आणि प्रत्येक ‘ॲक्सेल’ नव्याने लिहायचा. नवं लिहायला दोनऐवजी चार महिने मिळत होते, आणि वाचकाला मात्र लेखक दर दोन महिन्यांनी दुकानात भेटत होता. सहा वर्षांची बिनपगारी शिल्लक अशी वापरली गेली.

पुनर्लेखन म्हणजे आराम, असं मात्र नाही. वेबवरच्या हप्त्याला पुस्तकाचा सांधा नसतो. एक पर्व दोन पुस्तकांत तोडायचं तर पहिलं कुठे थांबवायचं, हे नव्याने ठरवावं लागतं. फेअरी डान्स भाग ३ आणि ४मध्ये गेलं, फॅन्टम बुलेट ५ आणि ६मध्ये. दोन्ही वेळा पहिल्या पुस्तकाचा शेवट वाचकाला चार महिने वाट पाहायला लावेल इतका घट्ट हवा. शिवाय चित्रं आली. लाइट नॉव्हेलमध्ये मुखपृष्ठ, सुरुवातीची रंगीत पानं आणि आतली कृष्णधवल चित्रं असतात. त्यासाठी पात्राचे कपडे, केस, शस्त्राची लांबी हे सगळं आधी पक्कं करून चित्रकाराला द्यावं लागतं. जालावर ‘काळा अंगरखा’ एवढं चालून जातं. चित्रकार विचारतो: गळपट्टी आहे का, पट्टा कुठून जातो, तलवार कुठल्या खांद्यावर? दोन मालिकांना दोन वेगळे चित्रकार, त्यामुळे एकाचं काम अडलं तर दुसरी मालिका अडत नव्हती, ही त्यातली शहाणी सोय.

देंगेकी बुन्कोची पुस्तकं महिन्याच्या १० तारखेच्या आसपास बाजारात येतात. तारीख आधी जाहीर, वितरक निप्पान आणि तोहान यांच्याकडे मागणी नोंदलेली. उलट मोजत गेलं की दिसतं: छपाई आणि बांधणी, त्याआधी दुसरं प्रूफ, त्याआधी मुद्रितशोधकाच्या पेन्सिलच्या खुणांसह पहिलं प्रूफ (तिकडे त्याला गेरा म्हणतात), त्याआधी संपादकाच्या शेऱ्यांनंतरचं पुनर्लेखन. दर दोन महिन्यांना एक पुस्तक म्हणजे लेखकाच्या टेबलावर कायम तीन कामं: एकाची प्रुफं, दुसऱ्याचं लेखन, तिसऱ्याचा आराखडा. आणि ही तिन्ही एकाच कथेतली नाहीत. सकाळी किरितोच्या तोंडचं प्रथमपुरुषी निवेदन तपासायचं आणि दुपारी हारुयुकीची तृतीयपुरुषी गोष्ट पुढे न्यायची. आवाज एकमेकांत सांडू नयेत याची काळजी घेणं हेच निम्मं काम.

पैशाचा हिशोब

गोल आकडे धरून मांडू, म्हणजे ढाचा कळेल. पुस्तकाची किंमत ६०० येन, रॉयल्टी १० टक्के, पहिली छपाई १०,००० प्रती: लेखकाला ६ लाख येन. जपानमध्ये कागदी पुस्तकाची रॉयल्टी बरेच मोठे प्रकाशक विकलेल्या नव्हे, छापलेल्या प्रतींवर देत आले आहेत. त्यामुळे पुन्हा छपाईचा निर्णय झाला की पैसे ठरले, प्रत दुकानात पडून राहिली तरी. या गणितात वर्षाला दोन पुस्तकं काढणाऱ्याला १२ लाख मिळतील, सहा काढणाऱ्याला ३६ लाख. देंगेकीच्या सर्वोच्च पुरस्काराची आजची रक्कम ३० लाख येन आहे, म्हणजे अशा पाच पहिल्या छपायांएवढी. बक्षिसावर आयुष्य निघत नाही, पुस्तकं काढत राहण्यावर निघतं. पुरस्कार मिळाल्याबरोबर नोकरी सोडू नका, असा सल्ला तिकडचे संपादक नव्या लेखकांना देत असतात तो याच गणितामुळे.

खरा फरक मालिकेत पडतो. सहावा भाग निघाला की नवा वाचक पहिला भाग उचलतो, म्हणून जुने पाचही पुन्हा छापले जातात. भाग जितके जास्त तितकं प्रत्येक नव्या पुस्तकाच्या मागे चालणारं शेपूट लांब. ‘स्वोर्ड आर्ट’च्या जगभरातल्या प्रती ३ कोटींवर गेल्या, त्यात या शेपटाचा वाटा मोठा.

फाटलेला क्रम

आता दोषाकडे येऊ. पहिल्या पुस्तकात दोन वर्षं गाळली, ती स्पर्धेसाठी. स्पर्धा राहिली बाजूला, पण पुस्तक त्याच आकारात छापलं गेलं. मग दुसऱ्या भागात गाळलेल्या काळातल्या चार लघुकथा आल्या, प्रत्येक एकेका मुलीभोवती: सिलिका, लिझबेथ, यूइ आणि साची. आठव्या भागात आणखी उरलेलं: सुरक्षित क्षेत्रातल्या खुनाचं कोडं, फॅन्टम बुलेटनंतरची एक मोहीम आणि अगदी पहिल्या दिवसाची गोष्ट. आठव्या भागाचं उपशीर्षकच ‘अर्ली अँड लेट’ आहे. एकाच पुस्तकात पहिला दिवस आणि तीन वर्षांनंतरचा डिसेंबर.

त्यामुळे छापील क्रमाने वाचणाऱ्याला वेगळीच अडचण येते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी नायक-नायिकेचं काय होतं ते त्याला ठाऊक असतं, आणि मग दुसऱ्या पुस्तकात दोघंही त्याआधीच्या काळात भेटतात. कोण जगणार हा ताण संपलेला. साचीची कथा तरीही टिकते, कारण तिचं काय होणार हे वाचकाला आधी कळलेलं नसतं. बाकीच्या तीन पहिल्या वाचनालाच सैल वाटतात, आणि त्यात दोष प्रसंगांपेक्षा क्रमाचा आहे.

२०१२मध्ये दोन्ही मालिकांचे ॲनिमे एकाच वर्षी आले. ‘ॲक्सेल वर्ल्ड’ एप्रिलपासून, सनराइज स्टुडिओकडून, २४ भाग. ‘स्वोर्ड आर्ट’ जुलैपासून, ए-वन पिक्चर्सकडून, २५ भाग, दिग्दर्शक इतो तोमोहिको. ‘स्वोर्ड आर्ट’च्या ॲनिमेने फाटलेला क्रम शिवून काढला. साची तिसऱ्या भागात, सिलिका चौथ्यात, खुनाचं कोडं पाचव्या-सहाव्यात, लिझबेथ सातव्यात, आणि मूळ पहिलं पुस्तक खऱ्या अर्थाने सुरू होतं ते आठव्यात. पण अशी रांग लावल्यावर एक मोठं भगदाड उघडं पडलं: पहिल्या मजल्याची लढाईच कुठे नाही! पहिल्या भागात दहा हजार माणसं अडकतात, आणि ती पहिला मजला कसा जिंकतात हे पुस्तकात नव्हतंच.

ही जागा नव्या मजकुराने भरली. ॲनिमेचा दुसरा भाग, पहिल्या मजल्याच्या राक्षसाची मोहीम, जुलै २०१२मध्ये दाखवला गेला. तो ज्या कथेवर बेतला ती पुस्तकरूपात आली ऑक्टोबर २०१२मध्ये, ‘स्वोर्ड आर्ट ऑनलाइन प्रोग्रेसिव्ह’ या नव्या मालिकेचा पहिला भाग म्हणून.

मजल्यांचं त्रैराशिक

‘प्रोग्रेसिव्ह’ची कल्पना ऐकायला फार गोड आहे: दहा वर्षांपूर्वी गाळलेले सगळे मजले आता एकेक करून लिहायचे. पहिल्या पुस्तकात दोन मजले झाले. दुसऱ्यात तिसरा (डिसेंबर २०१३), तिसऱ्यात चौथा (डिसेंबर २०१४), चौथ्यात पाचवा (डिसेंबर २०१५). इथपर्यंत वर्षाला एक मजला. मग सहाव्या मजल्याला दोन पुस्तकं लागली, फेब्रुवारी आणि मे २०१८. सातव्यालाही दोन, मार्च आणि जून २०२१.

म्हणजे जवळपास नऊ वर्षांत आठ पुस्तकं आणि सात मजले. या गतीने पंचाहत्तरावा मजला गाठायला किती वर्षं लागतील, हे शाळेतलं त्रैराशिक आहे आणि उत्तर माणसाच्या आयुष्यात बसत नाही. मालिकेचे चाहतेही यावर विनोद करतात. पण यात चूक नेमकी कुठे? मजला हे मोजमाप कथेचं नव्हतंच, ते खेळाचं होतं. पहिल्या कादंबरीत ‘चौऱ्याहत्तरावा मजला’ हा एका वाक्यात येणारा आकडा होता, किती माणसं किती काळ झगडली याचं वजन सांगणारा. तोच आकडा कामाची यादी म्हणून हातात घेतला की प्रत्येक मजल्याला गाव, वाट, मोहीम, राक्षस, तिथल्या माणसांचं राजकारण सगळं द्यावं लागतं. वजन म्हणून वापरलेली संख्या कर्ज म्हणून फेडायला निघालं की असं होतं.

दुसरी अडचण सुसंगतीची. मूळ पुस्तकात किरितो आणि आसुना चौऱ्याहत्तराव्या मजल्यावरही जरा अंतर राखून भेटतात. ‘प्रोग्रेसिव्ह’मध्ये ते पहिल्या मजल्यापासून जोडीने फिरतात. इतका काळ बरोबर काढलेली माणसं पुढे इतकी अवघडलेली कशी, हा प्रश्न नीट वाचणारा विचारतोच. दोन्ही एकाच वेळी तंतोतंत खरं मानता येत नाही.

तरीही कारागिरीच्या दृष्टीने ‘प्रोग्रेसिव्ह’ मूळ मालिकेच्या सुरुवातीपेक्षा सरस आहे, असं आम्हाला वाटतं. मुख्य कारण आसुना. पहिल्या भागातली ही तडफदार तलवारबाज फेअरी डान्समध्ये पिंजऱ्यात कैद होऊन नायकाची वाट पाहत बसते. त्या पर्वावर वाचकांनी आणि प्रेक्षकांनी सर्वांत जास्त टीका केली ती यासाठी, आणि ती रास्त होती. ‘प्रोग्रेसिव्ह’मध्ये तिला शिकायला, चुकायला, निर्णय घ्यायला जागा मिळाली. ऑक्टोबर २०२१ला या मालिकेवरचा पहिला चित्रपट आला, तोही तिच्या नजरेतून.

शिल्लक संपल्यावर

मुख्य मालिकेकडे परत येऊ. अलिसायझेशन पर्व भाग ९पासून, फेब्रुवारी २०१२ला सुरू झालं आणि भाग १८ला, ऑगस्ट २०१६मध्ये संपलं. दहा पुस्तकं, साडेचार वर्षं. वेबवर हे पर्व २००८मध्येच पूर्ण झालेलं होतं. पुस्तकं निघणार म्हटल्यावर वेबवरचा मजकूर काढून टाकला गेला, पण तो ज्यांनी वाचला होता त्यांना शेवट ठाऊक होता. छापील मजकूर त्यांच्यासाठी ताजा ठेवायचा, आणि नव्या वाचकासाठी मूळचा धागाही तुटू द्यायचा नाही, अशी ही दुहेरी कसरत. वेबवरून पुस्तकात येणाऱ्या प्रत्येक लेखकाला आता ती करावी लागते. २००९मध्ये ती करणारे फार थोडे होते.

भाग १८ म्हणजे शिल्लकीचा तळ. २०१७मधले भाग १९ आणि २० हे मून क्रेडल, आणि डिसेंबर २०१८च्या भाग २१पासून युनिटल रिंग हे नवं पर्व. आता मागे तयार हस्तलिखित नाही. प्रकाशनाच्या तारखा शेजारी मांडल्या की बदल लगेच दिसतो: सुरुवातीला चार महिन्यांना एक असणारी मालिका इथे वर्षाला एक-दोन पुस्तकांवर आली. लेखक थकला असं त्यावरून म्हणणं घाईचं होईल. नवी कथा, ‘ॲक्सेल’, ‘प्रोग्रेसिव्ह’, २०१४पासूनची ‘आयसोलेटर’ मालिका (हीसुद्धा मूळची वेबवरचीच), शिवाय चित्रपट, एवढ्या आघाड्या एका माणसाच्या. फेब्रुवारी २०१७ला आलेल्या ‘ऑर्डिनल स्केल’ या चित्रपटाची कथा कावाहारांनी मुद्दाम त्यासाठी लिहिली, आणि त्याने जपानमध्ये २५० कोटी येनहून अधिक गल्ला जमवला. पुस्तकाची रॉयल्टी लेखकाला पोसते, पण पटकथांच्या बैठका, आवाजमुद्रण आणि उत्पादनांची तपासणी हे लेखनाच्या दिवसातूनच वजा होतात.

मधल्या काळात संपादकाची खुर्चीही हलली. अस्की मीडिया वर्क्स २०१३मध्ये काडोकावा या प्रकाशनसंस्थेत विलीन झाली. २०१६मध्ये मिकी काझुमा बाहेर पडले आणि त्यांनी स्ट्रेट एज ही लेखकांचं काम पाहणारी कंपनी काढली. जपानमध्ये लेखकाचा एजंट ही रीत रुजलेली नव्हती. लेखकाचा माणूस म्हणजे प्रकाशकाचाच पगारी संपादक. कावाहारा मिकींबरोबर नव्या व्यवस्थेत गेले आणि पुस्तकं देंगेकी बुन्कोतूनच येत राहिली. पहिल्या दिवसापासून दोन मालिकांची सगळी गुंतागुंत ज्याला तोंडपाठ, तो माणूस असा हातचा राहिला. पात्रांची वयं, तारखा, दोन्ही मालिकांच्या जगातले दुवे (दोन्ही एकाच काळरेषेवर आहेत, ‘ॲक्सेल’ काही दशकं पुढे) हे नव्या संपादकाला शिकवायचं म्हटलं तर त्यातच वर्ष गेलं असतं.

नोव्हेंबर २०२२मध्ये, कथेतला गेम सुरू होण्याच्या तारखेच्या आसपासच, ‘डीमन्स क्रेस्ट’ या नव्या मालिकेचा पहिला भाग आला. यावेळी मागे वेबवरची शिल्लक नव्हती आणि पुढे स्पर्धेची पानमर्यादाही नव्हती.

वाचायला घेताना

आपल्याकडचे वाचक ही मालिका बहुतेक येन प्रेसच्या इंग्रजी आवृत्त्यांमधून वाचतात. पहिला भाग त्यांनी एप्रिल २०१४ला काढला. भागांचे क्रमांक जपानीसारखेच आहेत, त्यामुळे वर सांगितलेले आकडे तसेच लागू पडतात. ॲनिमे पाहून आलेल्यांनी कालक्रमाचा हट्ट सोडून आधी भाग १ वाचावा, मग भाग २मधली साचीची कथा, आणि तिथून भाग ८मधलं खुनाचं कोडं. लांबीची शिस्त पाहायची असेल तर ‘ॲक्सेल वर्ल्ड’ भाग १ वेगळा घ्यावा. स्पर्धेसाठी मापून लिहिलेली कादंबरी कशी असते, हे एका बैठकीत कळतं. अलिसायझेशनला हात घालायचा तर भाग ९ आणि १० एकदमच जवळ ठेवा. नववा जिथे थांबतो तिथे थांबणं अवघड आहे. ‘प्रोग्रेसिव्ह’ कुठूनही नको, पहिल्या भागापासूनच. आणि पंचाहत्तरावा मजला त्यात भेटेल अशी अपेक्षा ठेवू नका.